जयवंती एन. राऊत

आमच्या उमेळ्यात त्या काळी कॅनडा हा देश कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण व्हँकूव्हर शहरात सकाळी दूध कसं येतं ते आमच्या आळीतल्या म्हातारीकोतारीलाही तोंडपाठ होतं. दूधवाला बाटल्या दाराशी ठेवून निघून जातो, हाक मारत नाही. थंडीत दूध गोठून वर येतं आणि बाटलीचं झाकण आपसूक उचललं जातं. हे सगळं माझा धाकटा भाऊ नरहरी पत्रातून कळवायचा, आणि मी ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. घरात माझ्याइतकं खणखणीत वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी वाचू दिलं नसतं.

नरू अठ्ठेचाळीस साली स्कॉलरशिपवर तिकडे गेला. जंगल आणि लाकूड यांचा अभ्यास करायला. केळीच्या वाडीत जन्मलेल्या पोराला लाकडाचं काय कळणार, असं बाबा म्हणाले होते. केळीला कुठे लाकूड असतं? पण पोरगा शिकला आणि तिथेच एका लाकडाच्या गिरणीत फळ्यांची प्रत ठरवायच्या कामाला लागला. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. दोनाची चार झाली, चाराची पाच झाली, आणि लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेली त्याची बायको आमच्या घरी त्याची वाट बघत राहिली.

तिचं नाव अनसूया. म्हणजे आमच्या घरचं नाव. माहेरची ती आगाशीची जयवंती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा नरू हळूच मला म्हणाला, "ताई, आहे तेच नाव राहू दे की. वाईट आहे का?" मी फटकन म्हटलं, "आगाशीचं नाव आगाशीला. आमच्या घरात आमचं नाव." माझ्या आजीचं नाव अनसूया होतं, ते मीच सुचवलं होतं, आणि चारचौघांत माझा शब्द खाली पडायला मला नको होता. माझं सासरी इंदिरा केलं तेव्हा मला कोणी विचारलं होतं? तीन वर्षं मी इंदिरा होते. नवरा गेला तशी त्यांनी मला माहेरी पोचवली आणि मी परत सावित्री झाले. विधवेला सावित्री म्हणून हाक मारणं म्हणजे देवाने केलेली थट्टाच, पण ती असो. नरूने मुकाट्याने अंगठी फिरवली आणि अनसूया लिहिलं. भांडणं त्याला कधी जमलंच नाही. तो रुसायचा, आणि रुसला की तोंडाला कुलूप.

अनसूया मला वन्सं म्हणायची. पोरगी शांत, पण मिठ्ठास नव्हे. मनात असेल ते दोन शब्दांत बोलून मोकळी व्हायची. रहाटाला पाळी तिची, केळीच्या पानांचे भारे बांधायला ती, आणि माझ्या जिभेचे फटके खाऊन वर हसायलाही तीच. सहा वर्षांत ती माझी सावली झाली होती. खरं सांगते, नरू तिला घेऊन जाणार असं म्हणायला लागला तेव्हा मी वरवर "जाशील, मडमीण होशील" अशी चेष्टा करायचे आणि आत माझा जीव तुटायचा. ती गेल्यावर त्या घरात मी कोणाशी भांडणार होते?

नरूचं पत्र महिन्याला एक. वर लिहायचा "तीर्थरूप बाबांस", मग सगळ्या शहराची हकीकत, आणि अगदी शेवटी एक ओळ, "सौ. बरी असेलच, तिला जपावे." बायकोला वेगळं पत्र लिहायची पद्धत आमच्याकडे नव्हती. सासू-सासऱ्यांच्या हातावरून बायकोच्या नावाचं पाकीट जाणं म्हणजे निर्लज्जपणा. ती बिचारी खांबाला टेकून उभी राहायची आणि त्या एका ओळीची वाट बघत सगळी हकीकत ऐकायची. म्हणूनच ते शहर तिला आमच्या सगळ्यांहून जास्त पाठ होतं.

तिकडे पाऊस आवाज करत नाही, नुसता दिवसभर हवेत असतो. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, लोक दिवे लावून कामावर जातात आणि दिव्यातच घरी येतात. धुकं आलं की बंदरात भोंगा वाजतो, गाईने हंबरावं तसा. रविवारी दुकानं बंद, सगळं गाव झोपल्यासारखं. नरू त्या दिवशी शिखांच्या गुरुद्वारात जायचा आणि डाळ-रोटी खायचा. गिरणीतल्या गुरदयालसिंगाच्या घरीच तो भाड्याने राहत होता. घर गरम ठेवायला तळघरात भुशाची भट्टी, गाडी भरून भुसा येतो आणि फावड्याने आत ढकलायचा. रोज रात्री नऊच्या ठोक्याला बागेतून तोफ उडते, लोक तिच्यावर घड्याळ लावतात. हे ऐकून बाबा म्हणाले, "आपल्या वसईच्या किल्ल्यात एवढ्या तोफा गंजतायत, एकीनं कधी वेळ नाही सांगितली."

एकदा त्याने लिहिलं की इथे केळं एकाच जातीचं मिळतं. बाबांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. राजेळी नाही, तांबेळी नाही, मुठेळी नाही, नुसतं 'केळं'. बाबा दोन दिवस त्या देशाबद्दल वाईट वाटून घेत होते.

आईला काळजी पाण्याची. "तिकडं पानी कोन भरतं?" ती विचारायची.

"नळ असतो घरात," अनसूया सांगायची. "गरम पाण्याचा वेगळा."

"मग बाया दिसभर करतात काय?"

"वाट बघतात, नवरा गाडीतून उतरायची," अनसूया म्हणाली, आणि स्वतःच लाजून रहाटाकडे पळाली. आईला ऐकू कमी यायचं, मला सगळं ऐकू यायचं.

त्रेपन्न सालच्या दिवाळीत पत्र आलं. तिकडच्या सरकारने आपल्या देशातल्या माणसांसाठी वर्षाला मोजक्या दीडशे जागा ठेवल्या होत्या. नरूने खटपट करून बायकोचा नंबर लावला होता. "कागदांचं पाकीट येईल. त्यावर सौ.ची सही होऊन तीन महिन्यांच्या आत परत यायला हवं, नाहीतर नंबर जाईल." अनसूयाने त्या दिवसापासून सहीचा सराव सुरू केला. पापडी गावचे फ्रान्सिस मास्तर बाबांकडे केळी न्यायला यायचे, त्यांच्याकडून तिने इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली. चुलीतल्या कोळशाने पाटावर, ओल्या बोटाने ओट्यावर, जिथे तिथे 'अनसूया राऊत'. कोंबड्यांना दाणे टाकताना ती "गुड मॉर्निंग" म्हणायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "कोंबड्या तरी देशी राहू दे गं!"

पाकीट आलं ते मार्गशीर्षात.

त्या दिवसांत आमच्याकडे सुकेळी घालायचं काम असतं. पिकलेली राजेळी सोलायची, मांडवावर उन्हात मांडायची, संध्याकाळी गवतात गुंडाळायची, की सकाळी परत मांडायची. आठवडाभर कावळे, माश्या आणि गांधीलमाश्या यांच्याशी झुंज. हाताला असा चिकटा बसतो की केस मागे सारायचीही चोरी. मी मांडवाखाली उभी, ऊन डोक्यावर, एका गांधीलमाशीने मनगटाला डंख मारलेला. अशा वेळी माझ्याशी देवानेही बोलू नये.

फाटकाशी पोस्टमन आला. आमचा नेहमीचा पोस्टमन अँथनी. तो नरूचं पत्र लांबूनच हलवत यायचा, "कॅनडाबाई, आलं हो!" पण अँथनी मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता. हा कोणी नवखा, सायकल धरून उभा.

"जयवंती एन. राऊत कोण?" त्याने ओरडून विचारलं. "रजिस्टर आहे."

उमेळ्यात अर्धं गाव राऊत. आणि त्या काळी कुळकायद्याने रजिस्टर या शब्दाची अशी दहशत बसवली होती की विचारू नका. रजिस्टर म्हणजे वसईच्या कोर्टातून नोटीस. दुसऱ्याचं रजिस्टर चुकून घेतलं म्हणून शेजारच्या आळीतले एकजण दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. आमच्याकडे लहान मुलांनाही शिकवून ठेवलं होतं, विंचू धरा पण परक्याचं रजिस्टर धरू नका.

मी मांडवाखालूनच ओरडले, "इथे कोणी जयवंती नाही!"

"घर नंबर हाच लिहिलाय बाई."

"मग लिहिणाऱ्याला विचार! एकदा सांगितलं ना, या घरात जयवंती नाही. पुढे बघ."

त्याने पाकिटावर पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि तो गेला. मी कावळा हाकलला.

तुम्ही म्हणाल, असं कसं झालं? ज्या नावावरून भर लग्नात हट्ट केलास, ते सहा वर्षांत विसरलीस? मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. आम्ही अनसूया राऊतच्या पाकिटाची वाट बघत होतो. जयवंती हे नाव मी ज्या दिवशी आगाशीला पाठवलं त्या दिवसापासून माझ्या कानांनी ते कधी घरात घेतलंच नव्हतं. आठवत नव्हतं म्हणावं तर खोटं, आठवलं म्हणावं तर तेही खोटं. आणि आणखी एक पाप कबूल करते. मनाच्या तळाशी मला ते पाकीट यायला नको होतं. ज्या गोष्टीची वाट बघायची नसते, ती दारात येऊन उभी राहिली तरी ओळखू येत नाही.

पौष गेला. पाकीट आलं नाही. अनसूया रोज दुपारी फाटकापर्यंत जाऊन यायची. अँथनी रजेवरून परत आला होता, तोही दुरूनच मान हलवायचा. बाबा म्हणाले, सरकारी काम आहे, तिकडचं काय नि इकडचं काय, गाढवं सगळीकडे सारखीच.

माघात नरूचं पत्र आलं. चार ओळी. मी नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागले. "तीर्थरूप बाबांस सा. न. मी बरा आहे. काम चालू आहे. थंडी फार आहे. आईस नमस्कार." आणि खाली सही. दूध नाही, धुकं नाही, तोफ नाही.

अनसूया खांबाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "संपलं?"

मी कागद उलटा करून बघितला. मागे कोरा होता.

"कामात असेल," मी म्हटलं. "पुढच्या पत्रात लिहील."

"हो," ती म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिची ती एक ओळ आली नव्हती. पाकिटाचंही अक्षर नव्हतं. तिने त्या दिवशी जेवण केलं, भांडी घासली, सगळं केलं. फक्त पाटावरची कोळशाची सही पुसून टाकली.

पुढचं पत्र आलंच नाही. फाल्गुनात तार आली. गिरणीच्या आवारात ओल्या फळ्यांची थप्पी घसरली होती आणि नरू खाली उभा होता. बाबा तार हातात घेऊन वाडीत गेले आणि एका केळीच्या बुंध्याशी बसून राहिले. उठवायला चार माणसं लागली. आईला मी कानात ओरडून सांगितलं. आपल्या आईला तिचा मुलगा मेला हे ओरडून सांगायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. अनसूया रडली नाही. बांगड्या फोडायला बायका आल्या तेव्हा तिने हात पुढे केला आणि एवढंच विचारलं, "त्यांना तिथे लाकडं कोणी दिली?" लाकडाच्या गावात गेलेल्या माणसाला लाकडं मिळाली असणार, पण द्यायला आपलं माणूस कोणी नव्हतं.

त्याची ट्रंक आली ती गणपतीच्या सुमारास. बोटीने मुंबईला, तिथून बाबांनी आगगाडीने वसई रोडपर्यंत आणली आणि मग बैलगाडीने घरी. वर गुरदयालसिंगाचं इंग्रजी पत्र होतं. फ्रान्सिस मास्तरांना बोलावलं. ओट्यावर आम्ही सगळे बसलो आणि मास्तर एकेक वाक्य मराठी करून सांगू लागले.

सरदारजीने सगळं नीट केलं होतं. दहन, प्रार्थना, अस्थी समुद्रात. मग लिहिलं होतं की तुमच्या मुलाने बायकोसाठी दोन खोल्या ठरवल्या होत्या, पडदेसुद्धा आणले होते. पण जानेवारीत हिंदुस्थानातून त्याचं पाकीट परत आलं. त्यानंतर त्याने खोल्या सोडून दिल्या. मी विचारलं तर म्हणाला, तिला यायचं नाही. पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. पाकीट त्याने उघडलं नाही, टाकूनही दिलं नाही. ते ट्रंकेत ठेवलं आहे.

मास्तर वाचायचे थांबले. बाबांनी विचारलं, "कसलं पाकीट? आपण कधी काय परत केलं?"

अनसूयाने ट्रंक उघडली. लोकरीचे कपडे, एक छत्री, पुस्तकं आणि सर्वांत खाली ते जाड पाकीट. वर टपोऱ्या अक्षरात नाव. मास्तरांनी ते वाचलं, "मिसेस जयवंती एन. राऊत." कोपऱ्यात मराठीत पेन्सिलीने लिहिलं होतं, ते मला दुरूनही दिसलं. 'या नावाचे कोणी येथे नाही असे घरातील बाई सांगतात. सबब परत.' खाली तारीख.

बाबा पोस्टाला शिव्या द्यायला लागले, अँथनीच्या सात पिढ्या उद्धरल्या, उद्याच वसईला जाऊन एकेकाला बघतो म्हणाले. आणि मी, जिच्या तोंडाला गावात कोणी पुरलं नाही, ती गप्प बसून राहिले. अनसूया पाकीट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर होती. पाकीट विळीने कापून उघडलेलं, सरकारी कागद एकीकडे, मांडीवर पत्र. तिने ते माझ्या हातात दिलं. नरूचं बायकोला लिहिलेलं पहिलं पत्र, आणि वाचायला दिलं मला.

"प्रिय जयवंती," त्याने लिहिलं होतं. "बाबांच्या पत्राच्या शेपटाला तुझी एक ओळ बांधून पाच वर्षं काढली. हे पत्र तुझ्या एकटीचं आहे. पाकिटावर तुझं नाव बघून दचकू नकोस. कागदांवरही मी तेच घातलं आहे. लग्नात मी सावूताईपुढे गप्प बसलो, पण इथे भांडायला सावूताई नाही, म्हणून मी शूर झालो आहे. इथे तू जयवंतीच. दोन खोल्या बघितल्या आहेत. जिना बाहेरून आहे, पावसात भिजतो, जपून चढावं लागेल. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीचा थांबा दिसतो, म्हणजे संध्याकाळी मी उतरलो की तुला दिसेन. दूध उचलायचं काम तुझं, भुसा टाकायचं माझं. खालच्या मजल्यावरची म्हातारी रोज विचारते, बायकोचं नाव काय. मी सांगितलं. तिला म्हणता येत नाही, पण ती रोज म्हणून बघते. तू येशील तोपर्यंत जमेल म्हणते. सही कर आणि लगेच पाठव. दिवस मोजतो आहे."

अक्षरं मला दिसेनात. माझ्या धाकट्या भावाला मी त्याच्या मरणाआधीच मारलं होतं. कोणी म्हणेल, फळ्या पडायच्या त्या पडल्याच असत्या. पडल्या असत्या. पण तो वाट बघत मेला असता. ती नको म्हणाली असं समजून नसता मेला.

मी तिचे पाय धरले. लहान भावजयीचे पाय नणंदेने धरू नयेत, पण धरले. "अनसूया, ते मी सांगितलं. पोस्टाची चूक नाही. मी मांडवाखाली होते. तो नाव घेत होता आणि मीच ओरडले, या घरात कोणी जयवंती नाही म्हणून. मला शिव्या दे. मार मला. बाबांना सांग."

तिने माझे हात पायांवरून काढले आणि स्वतःच्या हातात धरले. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला ठाऊक आहे, वन्सं. मी रहाटापाशी होते. मीपण ऐकलं."



"त्याने ओरडून नाव घेतलं," ती म्हणाली. "मी हातातली बादली खाली ठेवली, कान दिला, आणि परत पाणी भरायला लागले. मला वाटलं, असेल पुढच्या आळीत कोणी जयवंती. मिळू दे बिचारीला तिचं पत्र."